चोरून लिहिण्याचा थकवा

पत्र :

"मी 43 वर्षांची आहे. एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. मुलगी दहावीला आहे, मुलगा चौथीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा चांगला आहे, पण त्याच्या शिफ्ट बदलत्या असतात. गेली चार वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. खरं सांगायचं तर चार वर्षं पहिलंच प्रकरण पुन्हा पुन्हा लिहितेय. रात्री सगळे झोपले की लॅपटॉप उघडते. कोणी उठून आलं की पटकन ऑफिसची शीट समोर घेते. नवऱ्याला वरवर माहीत आहे. तो म्हणतो, 'लिही की, कोण नको म्हणतंय?' हे ऐकून मला बरं वाटायला हवं, पण उलट रागच येतो. कधी वाटतं, नोकरी सोडावी आणि वर्षभर नुसतं लिहावं. कधी वाटतं, हे खूळ डोक्यातून काढून टाकावं आणि मुलांकडे बघावं. मी स्वार्थी आहे का? आणि आता फार उशीर झालाय का?"

उत्तर :

प्रिय ताई,

नोकरीचं, स्वार्थाचं आणि उशिराचं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. तिन्हींकडे येते. पण पत्र वाचताना मी थांबले ते भलत्याच वाक्यापाशी. कोणी उठून आलं की तुम्ही ऑफिसची शीट समोर घेता.

रात्री साडेअकराला ऑफिसचं काम करणारी बाई घरात कोणालाही खटकत नाही. उलट तिची कीव येते. "किती राबवून घेतात गं तुला" असं कोणीतरी म्हणतं आणि जाताना दिवा बारीक करून जातं. त्याच खुर्चीत, त्याच वेळी गोष्ट लिहिताना सापडलात तर काय ऐकावं लागेल, याची मात्र तुम्हाला खात्री नाही. म्हणून तुम्ही चार वर्षं लपवत आलात. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण तुमची कादंबरी अडली आहे ती इथेच, असं मला मनापासून वाटतं.

लपवलेल्या वेळेला कुंपण घालता येत नाही. तुम्ही लिहीत बसलाय हे मुलीला ठाऊक नसेल, तर गणित अडल्यावर ती सरळ तुमच्याकडे येणार. तिच्या दृष्टीने आई जागी आहे आणि मोकळी आहे. सासूबाई हाक मारणार, नवरा उद्याच्या बिलाचं विचारणार. यातलं कोणीही तुमच्या लेखनावर अतिक्रमण करत नाहीये, कारण तिथे लेखन चाललंय हेच त्यांना माहीत नाही. आणि "थांब, मी लिहितेय" असं तुम्ही म्हणू शकत नाही. म्हटलं तर सगळंच उघड होईल.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. चोरून केलेल्या कामाला सतत स्वतःचं समर्थन करावं लागतं. उद्या कोणी बघितलंच, तर दाखवायला काहीतरी निर्दोष हवं असतं. मग माणूस एकच प्रकरण घासत बसतो. पहिलं वाक्य बदलतो, परिच्छेद वर-खाली करतो, पुन्हा पहिल्या वाक्याशी येतो. दुसरं प्रकरण लिहायला घ्यायचं म्हणजे काही महिने वाईट, ओबडधोबड, कोणाला दाखवता येणार नाही अशी पानं लिहायची. आपण उगाच वेळ घालवत नाही आहोत, हे ज्याला रोज रात्री स्वतःलाच पटवून द्यावं लागतं, त्याला तशी पानं लिहिणं फार जड जातं. तुमची प्रतिभा कमी पडली म्हणून पुस्तक थांबलं, असं मला तरी तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

आता नवऱ्याचं बोलणं. "लिही की, कोण नको म्हणतंय?" याचा राग का येतो, ते मी सांगून बघते, पटतं का पाहा. त्याने परवानगी दिली, पण वेळ दिला नाही. परवानगीला त्याला काही मोजावं लागत नाही. तुम्ही लिहायला बसलात की सासूबाईंची औषधं, मुलाचा गृहपाठ, उद्याची तयारी हे सगळं तुमच्याच नावावर राहतं. ते उरकून, झोपेतून कापून जे उरेल त्यात तुम्ही लिहायचं आणि वर कोणी अडवलं नाही म्हणून आभारी राहायचं. राग येणारच. पण त्याच्याही बाजूने एक सांगते. तुम्ही त्याच्याकडे नेमकं काही मागितल्याचं पत्रात कुठेही दिसत नाही. तुम्हाला किती वेळ हवा, कोणत्या दिवशी हवा, त्या वेळात त्याने काय करायचं, यातलं त्याला काहीच ठाऊक नसेल, तर तो "लिही की" यापलीकडे काय म्हणणार?

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला लेखनाचा नाहीच. घरात सांगा. जाता जाता नको, भांडणाच्या भरात तर नकोच. नवऱ्याच्या पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट कळल्या की दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा आणि तो घरी असेल असे तीन तास शोधा. एकेक तासाचे तीन मिळाले तर उत्तम, अर्ध्या तासाचे चार मिळाले तरी चालतील. ते पेनने लिहा आणि कॅलेंडर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. बोलायचं ते साध्या शब्दांत बोला : "मी कादंबरी लिहितेय. पूर्ण करायची आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहा ते सात आणि रविवारी दुपारी एक तास मी दार लावून बसणार. त्या वेळात आईंचं आणि मुलांचं तू बघायचंस. काही झालं तरी मला हाक मारायची नाही, फक्त दवाखान्यात न्यायची वेळ आली तरच." हे शेवटचं वाक्य गाळू नका. हाक कशासाठी मारायची हे ठरवलं नाही, तर मोज्यांसाठीही हाक येते.

सासूबाईंनाही तुम्ही स्वतः सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर आपल्याला टाळण्यासाठी दार लावतात असं वाटू शकतं. आजारपणात परावलंबी झालेलं माणूस अशा बाबतीत हळवं असतं. गोष्ट कशाची आहे तेही सांगा. घड्याळं दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर त्यांना कोणी ना कोणी आठवेल आणि तुम्हाला एखादा तपशील फुकटात मिळेल.

पहिले काही आठवडे हे पाळलं जाणार नाही. मुलगा दार वाजवेल. नवरा आत काही शोधायला येईल. तेव्हा चिडून लॅपटॉप बंद करू नका आणि "असू दे, नंतर बसते" असंही म्हणू नका. "सात वाजता येते" एवढंच म्हणा आणि बरोबर सात वाजता बाहेर या. तुम्ही वेळेवर बाहेर येता हे कळलं की लोक दार वाजवायचे थांबतात.

नोकरीचं थोडक्यात सांगते : सोडू नका. पैशाचं कारण तर आहेच, पण तेवढंच नाही. वर्षभर रजा घेऊन लिहायचं ठरवलं की पहिल्या दिवसापासून पुस्तकाच्या डोक्यावर कर्ज बसतं. या वर्षाचं काय केलंस, असं प्रत्येक पान विचारायला लागतं. एकच प्रकरण चार वर्षं घासायला लावणारी जी भीती आहे, ती याने दुप्पट होईल. शिवाय घरी बसलेल्या बाईचा वेळ घरातल्या सगळ्यांना मोकळाच वाटतो. आत्ता ऑफिस निदान तुम्हाला आठ तास घराबाहेर ठेवतं. नोकरी सोडलीत तर ते आठ तास लेखनाला मिळतील याची काहीही हमी नाही. आधी आठवड्याचे तीन तास मिळवून दाखवा, टिकवून दाखवा. ते जमलं की पुढे कधी रजा घ्यायची का, ते तुम्हालाच नीट कळेल.

अशा वेळी लोक मोठमोठ्या लेखकांचे दाखले देतात. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांचा दाखला नेहमीचा. 1834 ते 1867 अशी तेहतीस वर्षं टपाल खात्यात नोकरी आणि तरीही आयुष्यात 47 कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द लिहायचे आणि मग कामावर जायचे. हे सगळं खरं आहे. पण दाखला देणारे एक गोष्ट गाळतात. पहाटे त्यांना उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळायचे. ट्रोलोप यांनी हे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलंय, आपल्या यशाचं श्रेयही त्या नोकराला दिलंय. माणूस शिस्तीचा होताच, पण ती शिस्त उभी होती दुसऱ्या कोणाच्या तरी पहाटेवर. तुमची पहाट कोणाच्या भरवशावर उभी राहणार, हे आधी ठरवायला हवं. म्हणून मघाशी कॅलेंडरचा एवढा आग्रह धरला.

दुसरा दाखला आपल्या घरातला, बहिणाबाई चौधरी यांचा. जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या रचल्या, मग तुला काय होतंय, असं बायकांना ऐकवलं जातं. मला या बोलण्याचा फार राग येतो. बहिणाबाईंची रचना आणि त्यांचं काम एकाच लयीत चालायचं. जात्याच्या फेऱ्याला ओवीची ओळ बसते, तोंडाने म्हणता येते, हात अडकलेले असले तरी चालतं. कादंबरीला ते चालत नाही, तिला बसायला जागा लागते, कालचं आठवायला लागतं. आणि बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी संग्रह छापला गेला. त्या उदाहरणातून शिकायचं असेल, तर हे शिकावं की घरातल्या कोणीतरी त्यांचं म्हणणं लिहून ठेवण्याइतकं मोलाचं मानलं.

त्यातूनच एक खरा प्रश्न निघतो, तो स्वतःला विचारा. तुमच्या आत्ताच्या आयुष्यात कादंबरीच बसते का? कॅनडाच्या ॲलिस मन्रो यांनी मुली लहान असताना घर सांभाळत लिहिलं. कादंबरीला लागणारा सलग वेळ नव्हता, म्हणून आपण कथेकडे वळलो असं त्या सांगायच्या. पुढे 2013 चं नोबेल त्यांना कथांसाठीच मिळालं. घड्याळवाल्या बाईची गोष्ट सहा-सात कथांत सांगता येईल का, याचा विचार करून बघा. एकेक घड्याळ, एकेक माणूस, बाई तीच. आतून "नाही, ही कादंबरीच आहे" असं उत्तर आलं, तर प्रश्न मिटला, कादंबरीच लिहा. पण चार वर्षांपूर्वी कादंबरी म्हणून सुरुवात केली, एवढ्याच कारणासाठी तिला धरून राहू नका.

आता टेबलाशी बसल्यावर काय करायचं ते सांगते.

पहिलं प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि पुस्तकाचा कच्चा खर्डा पुरा होईपर्यंत उघडू नका. तुम्ही त्यावर घातलेली चार वर्षं वाया जात नाहीत. ती बाई तुम्हाला आता ओळखीची झाली आहे, हा त्याचा फायदा. नव्या फाईलमध्ये दुसरं प्रकरणसुद्धा सुरू करू नका. जो प्रसंग तुम्हाला सगळ्यात स्पष्ट दिसतो, तो आधी लिहा, मग तो मधला असो की शेवटचा. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ती बाई बसली आहे, श्वासाने पुर्जा उडेल म्हणून तोंड बाजूला करून बोलते आहे, असं काही दिसत असेल, तर तिथून सुरुवात करा. प्रसंग नंतर जोडता येतात.

तास मिळाला की तो असा वापरून पाहा. मागच्या खेपेचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचा. ट्रोलोप रोज अर्धा तास मागचं वाचण्यात घालवायचे, पण त्यांच्याकडे तीन तास असायचे. तुमच्याकडे एक आहे, आणि मागचं वाचायला लागलात की तुमचा हात दुरुस्तीकडे जाणार, हे तुम्हीच लिहिलंय. मग पुढे लिहीत राहा. शब्द अडला तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. एखादी माहिती हवी असेल, उदाहरणार्थ चावीच्या घड्याळाची मुख्य स्प्रिंग तुटली तर नेमकं काय होतं, तर कंसात "शोधायचं" असं लिहा. त्या क्षणी फोन हातात घेतलात तर तास गेला म्हणून समजा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पुढे काय होणार हे माहीत असताना थांबा आणि पुढच्या खेपेचं पहिलं वाक्य कागदावर लिहून लॅपटॉपमध्ये घाला. पुढच्या वेळी झाकण उघडलं की तो कागद समोर. दोन दिवसांनी, दमलेल्या डोक्याने बसताना याची किंमत कळते.

बाकीचे तुटक तुकडे, म्हणजे मुलाचा क्लास सुटायची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लागायच्या आधी, त्यात कादंबरी लिहायचा हट्ट धरू नका. तिथे वही ठेवा. कानावर पडलेलं एखादं बोलणं, पात्राचं नाव, ते कंसातलं शोधायचं राहिलेलं, एवढंच तिथे होतं. ही कामं झाली की सलग तास मोकळा राहतो. सलग वेळेचं काम तुटक वेळेत करायला गेलं की काहीच होत नाही आणि वर आपल्याला जमत नाही असं वाटत राहतं.

एका तासात 300 शब्द झाले तरी आठवड्याचे 900 होतात. वर्षाचे 45 आठवडे धरले, सात सोडून दिले, तर 40,500 शब्द. छोटी कादंबरी त्यात बसते. हे गणित तुम्हाला मी शिकवायला नको, तुमचं कामच ते आहे. पण स्वतःच्या लेखनाचं गणित तुम्ही कधी मांडलेलं दिसत नाही.

यंदा मुलीची दहावी आहे, तेव्हा एक गोष्ट आधीच ठरवून टाका. परीक्षेच्या आधीचे दोन महिने आठवड्याला एकच तास, आणि परीक्षा संपल्याच्या पुढच्या मंगळवारपासून पुन्हा तीन. ही तारीखही कॅलेंडरवर लिहा. ठरवून कमी केलेलं काम पुन्हा सुरू होतं. नकळत सुटलेलं सुरू करायला फार जड जातं, कारण मध्ये अपराधीपणा साचलेला असतो.

रात्रीचं लेखन मात्र बंद करा. दिवसाचं सगळं उरकून, पेंगत लिहिलेलं सकाळी आवडत नाही, मग ते पुन्हा लिहावं लागतं. तुमच्या पहिल्या प्रकरणाच्या इतक्या आवृत्त्या होण्याचं हेही एक कारण असणार. झोप पुरी होत असूनही थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्याचा संबंध स्वप्नाशी जोडत बसू नका.

स्वार्थी आहात का, असं तुम्ही विचारलंत. आठवड्याचे तीन तास मागणाऱ्या माणसाला मी स्वार्थी म्हणणार नाही. तुमच्या मुलाच्या खेळाला आठवड्यात किती तास जातात, नवऱ्याच्या मित्रांना किती, ते एकदा मोजा. कोणावर आरोप करायला नको, तुमच्या स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी मोजा. पण खोटा दिलासाही मी देणार नाही. तीन तास कुठून तरी जाणार. घरातलं काहीतरी आधीइतकं नीट होणार नाही. ते काय असेल हे तुम्हीच ठरवा, नाहीतर ते आपोआप ठरतं आणि बहुतेक वेळा झोप किंवा तब्येत जाते. घडीविना राहिलेले कपडे चालतील, नातेवाइकांच्या फोनला उशिरा उत्तर दिलेलं चालेल. मुलगी रडवेली होऊन काही सांगायला आली आणि तुम्ही लॅपटॉपवरून मान वर केली नाहीत, तर चालणार नाही. हा फरक तुम्हाला कळतो, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. म्हणूनच अपराधीपणाचं एवढं ओझं घेऊन फिरायची गरज नाही.

आणि उशीर. पेनेलोपी फिट्झजेराल्ड नावाची एक इंग्रज लेखिका होती. तिचा जन्म 1916 चा. तीन मुलं, शिक्षिकेची नोकरी, पैशाची सततची ओढाताण. पहिली कादंबरी छापून आली 1977 मध्ये, साठीत. ती तिने आजारी नवऱ्याचं मन रमावं म्हणून लिहिली होती. दोनच वर्षांनी, 1979 मध्ये, तिला बुकर पारितोषिक मिळालं. तुमचंही असंच होईल असं मी म्हणत नाही, तसं कोणालाच सांगता येणार नाही. पुस्तक पूर्ण होईल आणि छापणारा मिळणार नाही, असंही होऊ शकतं. त्याची तयारी ठेवा. पण 43 व्या वर्षी दाराला कडी लागली आहे, हे मात्र खरं नाही. तुमची घड्याळवाली बाई तुम्हाला पंचविशीत सुचली असती का, याचीही मला शंका आहे. दुसऱ्याचं बिघडलेलं निगुतीने दुरुस्त करत बसणारी बाई लिहायला, स्वतः तसं बसलेलं असावं लागतं.

एवढं सगळं वाचून एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त एकच करा, नवऱ्याशी बोला आणि कॅलेंडरवर तीन तास लिहा. लेखन पुढच्या आठवड्यात. आणि पहिल्या तासाच्या मध्येच कोणी आत आलं, तर शीट उघडू नका. स्क्रीनवर गोष्टच राहू द्या.

तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. किती पानं झाली ते नाही सांगितलंत तरी चालेल. कोणते तास पाळता आले नाहीत आणि ते कशामुळे, तेवढं लिहून ठेवा आणि कळवा. त्यावरून पुढचं बोलता येईल.